केट बुश : ३५ वर्षे रंगमंचापासून दूर राहणे हा एकांतवास की कामाची रीत?

सोनटक्का

केट बुश या इंग्रज गायिकेविषयी वृत्तपत्रांत जे काही छापून येते, त्यात 'गूढ', 'एकांतप्रिय' आणि 'विक्षिप्त' यांपैकी एक तरी विशेषण हटकून असते. मला ही विशेषणे आळशीपणाची वाटतात, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना तिची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ३० जुलै १९५८ रोजी केंटमधील बेक्सलीहीथ येथे तिचा जन्म झाला. वडील डॉक्टर, आई आयर्लंडमधील वॉटरफर्डकडची परिचारिका, गाण्याबजावण्यात आणि कवितेत रमणारे दोन थोरले भाऊ, आणि वेलिंग येथील जुने शेतघर, अशा वातावरणात ती वाढली. अकराव्या वर्षाच्या सुमारास ती आपली आपण पियानो शिकली आणि शाळेत असतानाच तिच्याकडे कितीतरी स्वरचित गाणी जमली होती. जानेवारी १९७८ मध्ये 'वदरिंग हाइट्स' हे तिचे पहिले गाणे बाजारात आले, मार्चमध्ये ते ब्रिटनच्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तिथून हलले नाही. स्वतः लिहिलेल्या गाण्याने हे स्थान मिळवणारी ती पहिली स्त्री, आणि तेव्हा तिचे वय १९ वर्षांचे होते. १९७९ च्या एप्रिल-मे महिन्यांत तिने आयुष्यातला एकमेव दौरा केला. त्यानंतर स्वतःचा पूर्ण कार्यक्रम घेऊन ती रंगमंचावर आली ती थेट ऑगस्ट २०१४ मध्ये.

माझे म्हणणे असे आहे की, या मधल्या काळात ती कुठेही लपलेली नव्हती. आधी शब्द आणि चाल, मग निर्मिती, मग स्टुडिओ, आणि शेवटी स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी, असे एकेक काम तिने क्रमाने आपल्या हाती घेतले, आणि जे आपल्या हाती राहणार नाही ते सोडून दिले. दौरा हा त्या सोडून दिलेल्यांपैकी एक. जाणकारांना हे पटते का? उलट मत असेल तर तेही सविस्तर वाचायला आवडेल.

खडूस_काका

ते गाणे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा कॅसेट दुप्पट वेगाने फिरत आहे असा समज होऊन टेपरेकॉर्डर दुरुस्तीला देण्याच्या बेतात होतो. एकांतवास तिने स्वीकारला की शेजाऱ्यांनी तिच्यावर लादला, हे आधी ठरवावे आणि मग चर्चा करावी.

रेवा

काका, तो आवाज म्हणजे तिचा नेहमीचा आवाज नाही, ते एक पात्र आहे. एमिली ब्राँटेच्या कादंबरीतील मेलेली कॅथरीन वादळी रात्री खिडकीशी येऊन आत घेण्याची विनवणी करते, आणि गाणे तिच्या तोंडी आहे. भुताने मध्य सप्तकात, बेताने गावे अशी अपेक्षा असेल तर गोष्ट वेगळी. गंमत म्हणजे गाणे सुचले ते आधी कादंबरी वाचून नव्हे, तर बीबीसीच्या १९६७ सालच्या दूरचित्रवाणी मालिकेचा शेवट पाहून. पुस्तक तिने नंतर वाचले. एमिली ब्राँटेचा जन्मदिवसही ३० जुलैच.

तिचा दुसरा आवाज ऐकायचा असेल तर 'द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज' ऐकावे. ते जून १९७५ मध्ये मुद्रित झाले, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्यामागची हकीकत धाग्याच्या विषयाशी जोडलेली आहे, म्हणून लिहिते. घरी मुद्रित केलेल्या तिच्या गाण्यांची फीत एका कौटुंबिक स्नेह्यामार्फत पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या डेव्हिड गिल्मोरकडे गेली. त्याने स्वतःच्या खिशातून पैसे घालून लंडनच्या एअर स्टुडिओत तिची काही गाणी वाद्यवृंदासह नीट मुद्रित करवली आणि ती ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीला ऐकवली. कंपनीने १९७६ मध्ये करार केला, पण लगेच अल्बम काढला नाही. मुलीने अजून थोडे मोठे व्हावे, असा त्यांचा विचार होता. त्या मोकळ्या काळात तिने नृत्याचे आणि मूकाभिनयाचे धडे घेतले, भावाच्या आणि मित्रांच्या साथीने लंडनच्या पबमध्ये गायली आणि गाणी लिहीत राहिली. पुढे तिच्याकडून दर वर्षी नवे काहीतरी मागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे, की तिच्या पहिल्या यशाच्या आधीही एक लांबलचक विराम होता.

ध्वनिमुद्रक

रेवाताईंच्या प्रतिसादाला जोडून थोडे लिहितो. सोनटक्का यांचा मुद्दा मला पटतो आणि त्याचा पुरावा अगदी पहिल्या गाण्यापासून सापडतो. ईएमआयला पहिले गाणे म्हणून 'जेम्स अँड द कोल्ड गन' हे दुसरेच गाणे काढायचे होते, आणि 'वदरिंग हाइट्स'च असले पाहिजे हा हट्ट तिने धरला. ते गाणे नोव्हेंबर १९७७ मध्ये यायचे होते, तर वेष्टनावरचे छायाचित्र तिला पसंत पडले नाही आणि तारीख जानेवारीवर गेली. एकही तबकडी विकली न गेलेल्या मुलीने इतक्या मोठ्या कंपनीला वेष्टन बदलायला लावले, यातच पुढच्या कारकिर्दीचे बीज दिसते.

मात्र यश मिळताच कंपनीची घाई सुरू झाली. 'द किक इनसाइड' फेब्रुवारी १९७८ मध्ये आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'लायनहार्ट' हा दुसरा अल्बम आला. त्यासाठी नवी गाणी लिहायला वेळच मिळाला नाही, बरीचशी जुन्या साठ्यातली घ्यावी लागली, आणि ती त्यावर खूश नव्हती. माझ्या मते तिच्या पुढच्या सगळ्या संथपणाचे मूळ या घाईत आहे. १९८० च्या 'नेव्हर फॉर एव्हर'मध्ये ती जॉन केलीबरोबर सहनिर्माती झाली आणि १९८२ च्या 'द ड्रीमिंग'ची निर्मिती तिने एकटीने केली.

याच सुमारास फेअरलाइट हे ऑस्ट्रेलियन यंत्र तिच्या हाती आले. पीटर गॅब्रिएल या इंग्रज गायकाच्या तिसऱ्या अल्बमसाठी ती सहगायन करायला गेली होती, तिथे तिची या यंत्राशी ओळख झाली. कोणताही आवाज त्यात साठवायचा आणि मग तो सुरांच्या पट्ट्यांवर वाजवायचा. 'बाबूश्का'च्या शेवटी काचा फुटतात ना, तो असाच साठवलेला आवाज आहे, आणि त्यासाठी अॅबी रोड स्टुडिओच्या स्वयंपाकघरातली भांडी फोडली गेली. मुद्दा असा की, या यंत्रामुळे वादकांना समजावून सांगण्याची पायरीच गळाली आणि मनातला आवाज तिला थेट स्वतः घडवता येऊ लागला. वाद्यवृंद, संयोजक आणि निर्माता यांच्या हातून फिरून येताना गाण्याचे काय होते, हे ज्याने स्टुडिओत पाहिले आहे त्यालाच याचे महत्त्व कळेल.

खडूस_काका

भांडी फोडली आणि वर त्याला संगीत म्हटले. आमच्या घरी हे विनामूल्य होत असे.

तिसरी_घंटा

मी नाटकवाली असल्याने दौऱ्याबद्दल लिहिते आणि सोनटक्का यांच्याशी काहीशी असहमती नोंदवते. दौरा आपल्या हाती राहत नाही म्हणून तिने तो सोडला, हे मला अर्धेच खरे वाटते. १९७९ चा दौरा तर तिच्याच हाती होता. लिंडसे केम्पकडे मूकाभिनय शिकलेल्या या मुलीने मैफल न करता संपूर्ण नाट्यप्रयोग उभा केला होता. त्यात नृत्य होते, जादूचे प्रयोग होते, भावाचे काव्यवाचन होते आणि जवळपास प्रत्येक गाण्याला वेगळा वेश होता. गाताना दोन्ही हात नाचासाठी मोकळे हवेत, म्हणून तिच्या ध्वनिव्यवस्थापकाने कपडे टांगायच्या हँगरची तार वाकवून डोक्याला बसणारा बिनतारी मायक्रोफोन तयार केला. आज प्रत्येक पॉप गायक आणि प्रत्येक निवेदक जो मायक्रोफोन कानाला लावून फिरतो, त्याच्या सुरुवातीच्या अवतारांपैकी तो एक. तेव्हा रंगमंचावर तिचा ताबा कमी होता, असे म्हणता येत नाही. उलट एवढा ताबा ठेवायचा म्हणजे एकाच माणसाने लेखक, दिग्दर्शक, नर्तकी आणि गायिका व्हायचे, आणि हे महिनोन्महिने पेलण्यासारखे नसते.

शिवाय एक दुःखद गोष्ट आहे. दौऱ्याच्या आरंभी, २ एप्रिल १९७९ रोजी, पूल या गावी रंगीत तालमीसारखा प्रयोग झाला आणि त्यानंतर प्रकाशयोजना सांभाळणारा बिल डफिल्ड हा २१ वर्षांचा तरुण प्रेक्षागृहात अंधारात उंचावरून पडून दगावला. दौरा रद्द करावा असाही विचार झाला, पण तो पार पडला. १२ मे रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये त्याच्या कुटुंबासाठी मदतीचा प्रयोग झाला आणि त्यात पीटर गॅब्रिएल व स्टीव्ह हार्ली हेही गायले, कारण बिलने त्यांच्यासाठीही काम केले होते. पुढच्या अल्बममधले 'ब्लो अवे' हे गाणे त्याच्या स्मरणार्थ आहे. यामुळेच तिने दौरे थांबवले, असे काही लोक ठामपणे सांगतात. इतके सरळ कार्यकारण मी लावणार नाही, पण प्रयोगाची जबाबदारी डोक्यावर असलेल्या माणसाला अशी घटना किती काळ पुरते, हे मंडळी समजू शकतील.

घाटमाथा

सगळे प्रतिसाद वाचले. आता थोडा विरोधी सूर लावतो.

आपण तिच्या स्वातंत्र्याचे कौतुक करत आहोत, पण त्या स्वातंत्र्याचा खर्च कोणी उचलला? वडील डॉक्टर, शेतघर ऐसपैस, भाऊ मदतीला, फीत पोहोचते ती थेट गिल्मोरकडे, आणि कंपनी पैसे देऊन वर थांबायला तयार. त्याच काळात इंग्लंडमध्ये शेकडो मुली पबमध्ये गात होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींना दौरा नाकारण्याची चैन परवडणारी नव्हती. दौरा केला नाही तर घरभाडे भरता येत नाही, हे साधे गणित आहे. केट बुशच्या मौनाला 'कामाची रीत' म्हणताना, ती रीत पहिल्या यशाच्या पैशावर उभी आहे हे सांगितले पाहिजे. मी तिच्या गाण्यांना नावे ठेवत नाही, 'आर्मी ड्रीमर्स' हे युद्धाविषयीचे गाणे मला फार मोलाचे वाटते. मात्र चाहते ज्याला तत्त्व म्हणतात, ते बरेचदा बँकेतल्या शिल्लकीचे दुसरे नाव असते.

सोनटक्का

घाटमाथा, तुमच्या आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. घरची स्थिती चांगली होती आणि नशीबही बलवत्तर होते. पण १९८२ नंतरचा काळ पाहा. 'द ड्रीमिंग' यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला खरा, पण त्या वर्षी त्यातली एकेकटी काढलेली गाणी चालली नाहीत. शीर्षकगीत तर ४८ व्या क्रमांकाच्या वर चढले नाही. कंपनी अस्वस्थ झाली, समीक्षक गोंधळले. अशा वेळी सुरक्षित मार्ग कोणता होता? नामवंत निर्माता घेणे, अमेरिकेचा दौरा करणे, चित्रवाणीवर सतत दिसणे. तिने लंडन सोडले, आईवडिलांच्या घरामागच्या कोठारात स्वतःचा स्टुडिओ बांधला आणि पुढचा अल्बमही स्वतःच केला. शिलकीतला पैसा तिने सुखासीनतेवर न घालवता साधनांवर घातला, एवढे तरी मान्य कराल.

ध्वनिमुद्रक

आणि त्या कोठारातून बाहेर पडला तो 'हाउंड्स ऑफ लव्ह'. सप्टेंबर १९८५ मध्ये आलेल्या या अल्बमने मॅडोनाच्या 'लाइक अ व्हर्जिन'ला पहिल्या स्थानावरून खाली उतरवले.

स्वतःच्या स्टुडिओचा अर्थ काय, तेही सांगतो. भाड्याच्या स्टुडिओत तासावर पैसे मोजावे लागतात आणि 'द ड्रीमिंग'च्या वेळी ती एका स्टुडिओतून दुसऱ्यात फिरत होती. घरी घड्याळाचा धाक नाही. त्यामुळे प्राथमिक मसुदा म्हणून मुद्रित केलेला गाण्याचा भाग फेकून न देता त्याच्यावरच पुढचे थर चढवता आले, आणि पहिल्या झटक्यातली जान टिकली. 'रनिंग अप दॅट हिल'चा तो अखंड धावणारा ताल बासवादक डेल पामर याने ड्रम यंत्रावर रचलेला आहे. हा डेल पामर तिचा जुना साथीदार, काही वर्षे जीवनातही सोबती, पुढे तिचा प्रमुख ध्वनिमुद्रक. जानेवारी २०२४ मध्ये तो गेला. तिच्या 'एकट्या' कामामागे असे चारदोन विश्वासू लोक कायम होते, ही गोष्ट एकांतवासाच्या कहाणीत बसत नाही म्हणून सांगितली जात नाही.

त्या अल्बमची दुसरी बाजू, 'द नाइन्थ वेव्ह', ही सात गाण्यांची सलग कथा आहे. रात्रीच्या समुद्रात एक स्त्री जीवरक्षक जाकीट घालून एकटी तरंगत आहे, झोप लागली तर संपलेच, आणि तिच्या मनात जे जे येते ते म्हणजे ही गाणी. त्यातल्या 'जिग ऑफ लाइफ'मध्ये आयरिश वादक आहेत, ती आईकडची ओढ. लोकप्रिय गाणी सगळी पहिल्या बाजूला आणि ही अवघड गोष्ट दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी करण्यात जो व्यवहारी शहाणपणा आहे, तो 'विक्षिप्त' बाईचा नव्हे.

अबोली

विशेषणांचा विषय निघालाच आहे तर लिहिते. स्कॉट वॉकर या गायकाने १९८४ च्या अल्बमनंतर पुढचा अल्बम १९९५ मध्ये काढला. टॉक टॉक या बँडचा गायक मार्क हॉलिस १९९८ च्या एकमेव एकल अल्बमनंतर संगीतातून जवळजवळ निवृत्तच झाला. या दोघांविषयी लिहिताना समीक्षकांची लेखणी आदराने वाकते आणि तडजोड न करणारा कलावंत अशी त्यांची प्रतिमा उभी राहते. केट बुशने १९९३ च्या 'द रेड शूज'नंतर बारा वर्षे अल्बम काढला नाही, तर तिच्या मानसिक स्थितीविषयी तर्क सुरू झाले.

प्रत्यक्षात त्या काळात काय झाले होते? तिचा गिटारवादक अॅलन मर्फी १९८९ मध्ये वारला होता, १९९२ मध्ये आई गेली, डेल पामरशी असलेले नाते संपले होते, आणि १९९८ मध्ये तिला मुलगा झाला. मुलाच्या जन्माची बातमी तिने वृत्तपत्रांना दिली नाही. सुमारे दोन वर्षांनी पीटर गॅब्रिएलच्या बोलण्यातून ती बाहेर आली, तेव्हा जणू मोठे कारस्थान उघडकीस आल्यासारखी वार्तांकने झाली. आई गेलेली, मूल लहान, आणि ते मूल स्वतः वाढवायचे, या तीन गोष्टी बाईच्या बाबतीत 'कारण' म्हणून पुरत का नाहीत, हे मला कळत नाही.

गणिताचे_सर

त्या बारा वर्षांनंतर २००५ मध्ये आलेल्या 'एरियल'मध्ये पाय या संख्येवर एक गाणे आहे आणि त्यात ती दशांश चिन्हापुढचे अंक खरोखर एकामागून एक गाते. विद्यार्थ्यांना ऐकवण्याच्या उत्साहात मी पाठ्यपुस्तक घेऊन पडताळणी केली. ७८ व्या दशांश स्थळापर्यंत सर्व अंक बरोबर आहेत, त्यानंतर बाईसाहेब २२ अंक गाळून थेट १०१ व्या स्थळावर जातात. पूर्ण ताबा, पूर्ण ताबा असे जे वर चालले आहे, त्यात ही नोंद असावी. गुण कापले आहेत, पण गायनाचे पूर्ण दिले आहेत.

रेवा

सर, हा अल्बम ऐकणाऱ्या प्रत्येक वर्गात असा एक परीक्षक असतोच. त्याच अल्बममध्ये कपडे धुण्याच्या यंत्रात फिरणाऱ्या कपड्यांवरही एक गाणे आहे, आणि ते चेष्टेचे नाही. पती-पत्नीचे कपडे पाण्यात एकमेकांत गुंतताना पाहून त्या बाईचे मन कुठून कुठे जाते, हे ऐकण्यासारखे आहे. भुताखेतांवर लिहिणारी एकोणीस वर्षांची मुलगी सत्तेचाळिसाव्या वर्षी घरकामावर लिहिते, आणि तितक्याच गांभीर्याने, हा प्रवास मला दौऱ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

लंडनचा_पाहुणा

२०१४ मध्ये मी नोकरीनिमित्त लंडनमध्ये होतो. 'बिफोर द डॉन' या कार्यक्रमाची घोषणा मार्चमध्ये झाली आणि सर्व २२ प्रयोगांची तिकिटे पंधरा मिनिटांच्या आत संपली. मला अर्थातच मिळाले नाही. कार्यालयातली एक सहकारी जाऊन आली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धड बोलत नव्हती.

तिसरी_घंटा यांना रस वाटेल अशा दोन गोष्टी सांगतो. प्रयोग झाले ते हॅमरस्मिथ अपोलोमध्ये, म्हणजे १९७९ च्या दौऱ्याची सांगता जिथे झाली होती तेच जुने ओडियन. प्रेक्षकांनी भ्रमणध्वनीवर चित्रण करू नये अशी विनंती तिने आधीच केली होती आणि लोकांनी ती पाळली. कार्यक्रमात पहिल्या चार अल्बमांतले एकही गाणे नव्हते. 'वदरिंग हाइट्स' ऐकायला आलेल्यांना 'द नाइन्थ वेव्ह'चे संपूर्ण नाट्य पाहायला मिळाले. त्या आठवड्यांत तिचे आठ अल्बम एकाच वेळी ब्रिटनच्या पहिल्या चाळिसांत होते, आणि असा मान मिळवणारी ती पहिली स्त्री कलावंत. नवा अल्बम एकही नव्हता, जाहिरातीसाठी मुलाखतींचा सपाटाही नव्हता.

आणखी एक. 'वदरिंग हाइट्स'च्या चित्रफितीत ती लाल पोशाखात माळरानावर हातवारे करत नाचते. २०१३ मध्ये ब्रायटनमध्ये असंख्य लोकांनी लाल पोशाख घालून एकत्र तो नाच केला आणि पुढे जगातल्या अनेक शहरांत तो पायंडा पडला. दाढीवाले पुरुषसुद्धा लाल झग्यात असतात.

खडूस_काका

दाढीवाल्या पुरुषांच्या लाल झग्याविषयी माझे मत मी राखून ठेवतो, कारण चर्चा गंभीर आहे. रेवाताईंनी सुचवलेले सोळाव्या वर्षीचे गाणे मात्र ऐकले. ते चांगले आहे. यापेक्षा जास्त स्तुती माझ्याकडून यापूर्वी कोणालाही मिळालेली नाही.

मध्यलय

इतकी चर्चा झाली आणि २०२२ चा उल्लेख कोणीच केला नाही. माझ्या भाचीला केट बुश कोण हे 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेच्या चौथ्या पर्वामुळे कळले. 'रनिंग अप दॅट हिल' १९८५ मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते, ते १७ जून २०२२ रोजी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आले. अमेरिकेत पूर्वी ३० व्या स्थानावर थांबले होते, ते तिसऱ्यावर गेले. तीन विक्रम एकदम मोडले. प्रसिद्धीपासून पहिल्या क्रमांकापर्यंतचा सर्वांत लांब प्रवास, जवळजवळ ३७ वर्षांचा, जो आधी व्हॅम या जोडीच्या 'लास्ट ख्रिसमस'च्या नावावर होता. दोन पहिल्या क्रमांकांमधले सर्वांत मोठे अंतर, ४४ वर्षांचे, जे आधी टॉम जोन्सच्या नावावर होते. आणि पहिल्या क्रमांकावरील सर्वांत वयस्क स्त्री, ६३ वर्षांची, जो मान आधी शेरकडे होता.

यातला एक तांत्रिक भाग रंजक आहे. ब्रिटनच्या यादीच्या नियमांनुसार जुन्या गाण्यांच्या ऑनलाइन श्रवणाला नव्यांपेक्षा कमी वजन मिळते, जेणेकरून जुनी गाणी यादीत ठाण मांडून बसू नयेत. गाण्याला मिळणारा प्रतिसाद पाहून यादी काढणाऱ्या कंपनीने त्याला नव्या गाण्याचा नियम लावला, आणि मग ते वर गेले. सोनटक्का यांच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की, बाई घरीच होत्या. संकेतस्थळावर आभाराच्या चार ओळी लिहिण्यापलीकडे तिने फारसे काही केले नाही, एखादी नभोवाणी मुलाखत तेवढी दिली.

घाटमाथा

मध्यलय यांच्या प्रतिसादामुळे मला माझ्याच आक्षेपाचा दुसरा भाग दिसला, तो मांडतो. त्या मालिकेला गाणे वापरायची परवानगी लागली आणि ती सहज मिळणारी नव्हती, कारण ती अशा विनंत्यांना बहुधा नकार देते. मालिका ती स्वतः पाहत होती आणि गाण्याचा प्रसंगातला उपयोग तिला पटला, म्हणून होकार आला. ध्वनिमुद्रणांचे हक्क तिच्या स्वतःच्या कंपनीकडे असल्याने त्या लाटेचा पैसाही तिच्याकडे गेला. तेव्हा बँकेतली शिल्लक आणि तत्त्व यांचा संबंध मी म्हणालो त्याच्या उलट दिशेनेही वाहतो, हे नोंदवून ठेवतो. पण ही वाट इतरांसाठी खुली आहे, असे मला अजूनही वाटत नाही. मालकी हवी असेल तर आधी सौदा करण्याची ताकद हवी, आणि ती तिला १९७८ च्या त्या चार आठवड्यांनी दिली.

ध्वनिमुद्रक

ताब्याला मर्यादा होत्या, याची दोन उदाहरणे देतो, म्हणजे चित्र एकरंगी होणार नाही. 'रनिंग अप दॅट हिल'चे तिने योजलेले नाव 'अ डील विथ गॉड' असे होते. देवाचे नाव असल्याने काही धार्मिक देशांत गाणे वाजवले जाणार नाही, या भीतीने ईएमआयने आग्रह धरला आणि आधीचा अल्बम न चाललेला असल्यामुळे तिने नमते घेतले. दुसरे, १९८९ च्या 'द सेन्शुअल वर्ल्ड'साठी तिला जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' या कादंबरीतील मॉली ब्लूम या पात्राचे शब्द जसेच्या तसे गायचे होते. वारसांनी परवानगी नाकारली, म्हणून तिने त्याच भावनेचे स्वतःचे शब्द लिहिले. पुढे परवानगी मिळाली, तेव्हा २०११ मध्ये 'डायरेक्टर्स कट'मध्ये तिने ते गाणे मूळ शब्दांत पुन्हा गायले. बावीस वर्षे थांबून दुरुस्ती करणाऱ्या माणसाला दौऱ्याचे वेळापत्रक मानवणार नाही, हे उघड आहे.

अबोली

ताज्या घडामोडीही जोडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी कलावंतांचे काम विनापरवाना वापरू देण्याच्या ब्रिटिश सरकारच्या प्रस्तावाविरुद्ध हजाराहून अधिक संगीतकारांनी निषेध म्हणून रिकाम्या स्टुडिओंच्या शांततेचा अल्बम काढला, आणि त्यात केट बुशचे नाव ठळक होते. म्हणजे २०११ च्या 'फिफ्टी वर्ड्स फॉर स्नो'नंतर तिच्या नावाशी जोडलेल्या नव्या अल्बमात एकही सूर नाही. काका, हा तुम्हाला नक्की आवडेल.

खडूस_काका

ऐकला. थोडा लांबला आहे.

तिसरी_घंटा

सोनटक्का, तुमच्या मूळ प्रश्नावर माझे उत्तर आता असे आहे. तिने रंगमंच सोडला नव्हता, तर तो चित्रफितींत आणि ध्वनिमुद्रणात नेला. 'क्लाउडबस्टिंग'च्या चित्रफितीत डोनाल्ड सदरलंडसारखा नट बाप होतो आणि ती स्वतः आखूड केसांत त्याचा लहान मुलगा होते. सात मिनिटांत संशोधक बाप, त्याचे पाऊस पाडण्याचे यंत्र आणि त्याची अटक एवढे सगळे घडते. ते नाटकच आहे, फक्त ते रोज रात्री नव्याने करावे लागत नाही. रोजच्या प्रयोगात जे अनिश्चित असते तेच मला प्रिय आहे आणि तेच तिला नको असावे, असे मी समजते. म्हणून तुमच्याशी सहमत होतानाही, प्रेक्षक म्हणून माझे काहीतरी हुकले ही तक्रार मी मागे घेणार नाही.

मध्यलय

भाचीने विचारले आहे की एका गाण्यापलीकडे ऐकायचे असेल तर सुरुवात कुठून करावी. कोणी सांगू शकेल का?

ध्वनिमुद्रक

'हाउंड्स ऑफ लव्ह' संपूर्ण, दिलेल्या क्रमाने, मध्ये न थांबता. 'द नाइन्थ वेव्ह'मधली गाणी सुटी ऐकू नयेत. 'द ड्रीमिंग' इतक्यात देऊ नका, तो तिसऱ्या-चौथ्या खेपेला.

रेवा

माझा क्रम वेगळा आहे. पहिला अल्बम आधी, मग थेट 'एरियल'ची दुसरी तबकडी, जी एका उन्हाळी दिवसाच्या दुपारपासून दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत चालते. तिने ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या अल्बमवर काम करण्याची इच्छा बोलून दाखवली आहे, तेव्हा भाचीकडे बाकीचे ऐकायला भरपूर अवधी आहे.